चावडीवरचा चाळिसावा वाटा

११ जून २०२५, वणी

आमच्या संस्थेच्या संघदीप सरांनी आज प्रत्येकाला एकेक वही दिली. रोज फिल्डवर काय घडलं ते लिहायचं, शेवटी अहवालाला लागतं म्हणाले. ती वही ऑफिसात ठेवली आणि येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून ही दुसरी आणली. तिच्यात सरांना दाखवायचं लिहीन, हिच्यात खरं.

आज सभागृहात समारंभ करून चिठ्ठ्या निघाल्या. झरी जामणी तालुक्यातले सोळा कोलाम पोड, त्यांच्या आठ जोड्या. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात, हे मुंबईच्या लोकांना समजावता समजावता सरांचा घसा बसला होता. प्रत्येक जोडीत एका पोडाला हिरवी चिठ्ठी, एकाला पांढरी. हिरव्यातल्या बायांना रविवार सोडून रोज एक लाडू: तीळ, जवस, फुटाणे, गूळ आणि वरून लोहाची भुकटी. पांढऱ्यांना सरकारी गोळ्या मिळतात तेवढ्याच. मार्चमध्ये दोन्हीकडच्या रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायचं. हिरव्यांचं एका ग्रॅमनं जास्त वाढलेलं दिसलं, तर मुंबईचा न्यास पुढची तीन वर्षं सगळ्या तालुक्याला लाडू देणार, दवाखान्याची गाडी चालू ठेवणार, आणि आम्हा बारा जणांचं कामही. नाही दिसलं तर ३१ मार्चला कुलूप.

जोड्या मी लावल्या. शेजारशेजारचे पोड एका जोडीत घेतले. पाणी तेच, रान तेच, मजुरी तीच, म्हणजे फरक पडला तर तो लाडवानंच पडला असं छातीठोकपणे म्हणता येईल. सर म्हणाले, "विजयमालाताई, हे तुम्हालाच सुचू शकतं." दिवसभर ते वाक्य मनात घोळवत होते. कौतुकाची एवढी भूक बरी नव्हे.

आयतु पोडाला हिरवी निघाली आणि नाल्यापलीकडच्या भीमा पोडाला पांढरी. आयतु पोडाचे प्रमुख, सोमा नाईक, उठून म्हणाले, "पांढरीवाल्याईनं काय करायचं मंग?" मी म्हटलं, वर्षभर वाट पाहायची, नंतर त्यांनाही मिळेल. नाईकांनी मान हलवली आणि चिठ्ठी खिशात घातली.

एक फजिती झाली. यंत्र कसं चालतं हे दाखवायला सरांनी सगळ्यांसमोर माझंच बोट टोचलं. नऊ पूर्णांक एक. सभागृहातल्या सोळा पोडांनी पाहिलं की रक्त वाढवायला निघालेल्या ताईच्याच अंगात रक्त नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान! लेकीच्या, सलोनीच्या, बाळंतपणापासून ही कमतरता आहे, पण गोळ्या घेतल्या की पोटात आग होते, म्हणून घेत नाही. आमची आरोग्यसखी लालीबाई यंत्राकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होती.

३० जून

लाडू सुरू झाले. घरोघरी वाटत बसलो तर एका पोडात दोन तास जातात, म्हणून मी युक्ती काढली: डबा चावडीत ठेवायचा. पोडाच्या मधोमध, वरून पत्रा, जमीन सारवलेली. बाया सकाळी कामावर जायच्या आधी तिथंच येतील, लालीबाई वाटेल, सगळ्या समोर खातील, ती वहीत खूण करील. सोमा नाईकांना विचारलं तर ते दोनदा म्हणाले, "चावडीत ठेवता? पक्कं?" मी म्हटलं, पक्कं. त्यांना आनंद झालेला दिसला. साधी माणसं, मान दिला की खूश होतात.

भीमा पोडात चावडीच नाही. वीसेक वर्षांपूर्वी तापाच्या साथीत माणसं गेली, तेव्हा अर्धी घरं उठून नाल्यापलीकडे गेली, तोच भीमा पोड. आमच्या तक्त्यात 'सामुदायिक जागा: नाही' असं लिहिलं.

दोन्ही पोडांना सखी एकच, लालीबाई. सर म्हणत होते दोघी वेगळ्या ठेवा. पण त्या भागात कोलामी येणारी आणि वही लिहिता येणारी दुसरी कोण आहे? मी सरांना नाही म्हटलं. माझं ऐकलं त्यांनी.

२४ जुलै

आम्ही सोमवार-गुरुवार जातो. या सोमवारी लालीबाईनं निघताना पळसाच्या पानात बांधलेली पुडी हातात दिली. आत गुळाचे तीन गोळे, मोहाची फुलं घालून दाबलेले. आपल्या लाडवासारखे गोल नव्हेत, नुसते मुठीत आवळलेले. कुठले म्हणून विचारलं तर म्हणाली, "चावडीवरचे." काहीतरी पूजा झाली असणार. प्रसादाला नाही म्हणू नये.

रोज सकाळी चहाबरोबर एकेक खाल्ला. मोहाची चव आधी उग्र लागते, मग आवडते.

एक खटकलं. समारंभासाठी छापलेला आपला मोठा फ्लेक्स, 'आरोग्य समतेसाठी संशोधन', चावडीत खाली अंथरला होता. त्यावर पानांचे देठ पडले होते. असल्या वस्तूची किंमतच नाही. लालीबाईला बोलले. ती म्हणाली, जमिनीवर मुंग्या येतात.

१८ सप्टेंबर

न्यासाच्या कहकशां मॅडम आल्या. नागपूरहून पहाटे निघाल्या होत्या. वय तिशीचं, पायात साधे बूट, चिखलाचं कौतुक नाही आणि तक्रारही नाही. आयतु पोडात लालीबाईची वही पाहून थक्क झाल्या. एकतीस बाया, एकही दिवस खंड नाही. 'खाल्ला का?' याच्यापुढे सगळ्या हो.

मग नाला ओलांडून भीमा पोडात. मॅडमनी बायांना विचारलं, पलीकडे लाडू मिळतो आणि तुम्हाला नाही, कसं वाटतं? मी दुभाषी म्हणून लालीबाईकडे पाहिलं. लालीबाईनं कोलामीत एवढंसं काही विचारलं. बाया एकमेकींकडे पाहून हसल्या. लालीबाई म्हणाली, "त्याईचं काही म्हनणं नाही." मॅडमनी लिहून घेतलं. बायांच्या समजूतदारपणानं मला भरून आलं. आपल्याकडे सोसायटीत एकीला डबा मिळाला आणि दुसरीला नाही तर महाभारत होईल.

लालीबाईची लेक सुरभी भीमा पोडात दिलेली आहे. पाचवा महिना. दारात उभी होती, ओठ पांढरे. तिला मुकुटबनच्या दवाखान्यात न्यायला गाडीत घातली. रक्त साडेसात निघालं. नियमानं सातच्या खाली असती तर आम्ही औषध देणार होतो. सरकारी गोळ्या देऊन परत पाठवली.

परतताना मॅडम मागे झोपल्या होत्या. ड्रायव्हर अय्यूबभाई गाडी हळू करून म्हणाले, "ताई, एका घरात दोन ताटं अलग वाढून पाहा कधी. एक जेवन, दुसरा पाहत बसन. कितीक दिवस चालन?" मी म्हटलं, अय्यूबभाई, हे विज्ञान आहे. ते म्हणाले, "असन बापा."

१९ सप्टेंबर

सुरभीचे ओठ डोळ्यांसमोरून जात नाहीत. साडेसात आणि सात यांच्यातलं ते अर्धं मला आज फार लबाड वाटलं.

१७ नोव्हेंबर

कापूस वेचणीचे दिवस, बाया उजाडायच्या आत रानात. लालीबाईची खूण मात्र चुकत नाही. पुडीही चुकत नाही. आता सोमवारी आणि गुरुवारी दर वेळी तीन गोळे. एवढ्या पूजा ह्या लोकांच्या! मी गमतीनं म्हटलं, तुमचे देव आमच्या देवांपेक्षा जास्त खातात. ती नुसती हसली. तिचा दात किडलाय, हसताना हात तोंडावर नेते.

ऑफिसच्या दोन जिन्यांनी पूर्वी धाप लागायची, ती लागत नाही. चालणं कामी आलं म्हणायचं. सलोनी फोनवर म्हणाली, आई, तुझा आवाज तरतरीत लागतोय.

१२ जानेवारी २०२६

सरांनी सकाळी दार लावून घेतलं. सहा महिन्यांची मधली तपासणी आली आहे. हिरव्या पोडांत वाढ, शून्य पूर्णांक चार. पांढऱ्या पोडांत वाढ, शून्य पूर्णांक चार.

मी म्हटलं, दोन्हीकडे वाढलं, म्हणजे चांगलंच ना? सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. फरक शून्य. न्यासाच्या भाषेत लाडवाचा काही उपयोग नाही. मार्चमध्येही असंच निघालं तर कुलूप. सर वणीचेच, मोठी नोकरी सोडून परत आलेले. आज टेबलावरचा पेपरवेट नुसता फिरवत बसले होते.

"लाडू पोटात जात नाहीत," ते म्हणाले. "कुठेतरी गळती आहे. ताई, सगळ्यात स्वच्छ वही कुणाची आहे?"

दोघांनाही माहीत होतं. एकही दिवस खंड नसलेली वही खरी माणसं लिहीत नाहीत, हे मला सप्टेंबरातच कळायला हवं होतं.

१५ जानेवारी

आज लालीबाईला विचारलं. नीट विचारायचं ठरवून गेले होते, पण माझं तोंड! म्हणाले, लाडू विकतेस का? मुकुटबनच्या बाजारात नेतेस का? खाल्ला खाल्ला म्हणून खुणा कशाच्या केल्यास?

ती म्हणाली, "खाल्ला म्हून लिवलं. खाल्ला नसता तं लिवलं नसतं." एवढंच. हातातली पुडी तिनं पुढे केली, मी सवयीनं घेतली. जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं की जिला चोर म्हटलं तिच्याच हातचं घेऊन निघाले आहे.

१९ जानेवारी

लालीबाईनं आज पुन्हा पुडी पुढे केली. मी हात मागे घेतला. तिनं ती जीपच्या सीटवर ठेवली आणि गेली.

वाटेत अय्यूबभाईंना म्हटलं, तुम्ही खा. त्यांनी मान हलवली. "माह्यानं नाही खाल्ल्या जानार, ताई. ज्याचं त्यालेच." आणि पुडी समोरच्या कप्प्यात ठेवून दिली. सगळं माहीत असल्यासारखं हा माणूस बोलतो, आणि विचारलं की म्हणतो, मले काय मालूम.

२९ जानेवारी

लालीबाई आता फक्त कामाचं बोलते. पुडी नाही. मीच नको म्हटलं म्हणून नाही, हे बरोबरच आहे. तरी चहा पिताना हात पानाकडे जातो.

४ फेब्रुवारी

आजचं सगळं नीट लिहिते.

बुधवार होता. न सांगता गेलो. पहाटेच निघालो आणि सूर्य वर येता येता आयतु पोडाच्या अलीकडे गाडी थांबवली, पुढे पायी. पळसाला कळ्या धरल्या आहेत. चावडीत माणसं जमली होती. मी कुडाच्या आडून पाहिलं. या वयात लपून पाहण्याची वेळ यावी!

डबा उघडला होता. एकतीस लाडू सोमा नाईकांनी एका परातीत फोडले, चुरा केला. एका म्हातारीनं त्यात भाजलेली मोहाची फुलं टाकली. दोघांनी मिळून मळलं. फ्लेक्सवर पळसाची पानं मांडली होती, चार रांगा, दहा-दहा. फ्लेक्सवरचं 'आरोग्य' तेवढं दिसत होतं, पुढचा शब्द पानांखाली. प्रत्येक पानावर नाईक एकेक गोळा ठेवत गेले. कुणाचा मोठा झाला की चिमूटभर काढून लहानावर ठेवायचे. कुणी घाई करत नव्हतं. मग घरटी एकेक जण आला आणि आपलं पान उचलून गेला. सतरा पानं एका टोपलीत गेली, आणि ती टोपली डोक्यावर घेऊन एक बाई नाल्याकडे निघाली.

मी पुढे झाले. कुणीही दचकलं नाही. सोमा नाईकांनी बसायला जागा केली.

हे काय चाललंय, मी विचारलं. नाईकांना माझा प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, "चावडीत आलं ते सर्‍याईचं असते. शिकार असो का मध असो. तुमीच तं ठेवलं चावडीत. मी दोनदा इचारलं होतं, पक्कं का म्हून." आणि भीमा पोड? "त्याईची चावडी हेच आहे ना. घरं तिकडं गेली. चावडी कशी जाईन?"

माझी युक्ती, माझी जोडी, माझी सखी. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

तरी माझ्यातला पोलीस गप्प बसेना. आयतु पोडाची घरं बावीस, भीमाची सतरा. एकोणचाळीस. पानं चाळीस. मी पाहिलं होतं, चाळिसावं पान लालीबाईनं उचललं होतं, तिच्या स्वतःच्या पानाखेरीज. मनात म्हटलं, सापडली. सगळ्यांसमोर विचारलं, हे जादाचं कुणाचं?

लालीबाई घरात गेली आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आली. माझ्यासमोर उघडला. आत गोळे, सुकून कडक झालेले. मी मोजले. चौदा. मी पुडी नाकारली त्या दिवसानंतरचे सगळे, आजचा धरून.

"तुमचे हायेत," ती म्हणाली. "त्या दिवशी यंत्रात नऊ आलं होतं. नाईकानं म्हटलं, ताईचं बी एक पान मांडा. तुमी घेतलं नाही तं दुसऱ्याले कसं देऊ? वाटा तं तुमचा हाये."

मी रडले. तिथंच, सगळ्यांसमोर, पदर तोंडाला लावून. म्हातारीनं पाणी आणून दिलं. लालीबाई शेजारी बसली आणि म्हणाली, "माही पोरगी नाल्याच्या तिकडं हाये, ताई. मी इकडं खाऊ अन् तिले पांढरी चिठ्ठी दाखवू का?"

११ फेब्रुवारी

आठही जोड्या फिरून आलो. सगळ्यांत हेच. कुठे चावडी एक, कुठे देव एक, कुठे नुसती सोयरीक. सगळीकडे डबा चावडीत, माझ्या सांगण्यावरून. बाईला एक लाडू मिळायचा तिथं घराला पाऊण, आणि त्यात म्हातारे, पोरं सगळे. वाढलं ते थोडं, आणि दोन्हीकडे सारखं वाढलं. आकडा बरोबरच आला होता.

मग एक गोष्ट लक्षात आली. अख्ख्या तालुक्यात घराचा पूर्ण वाटा एकटीनं खाणारी मी एकटीच होते.

सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "तुमची चूक, माझी चूक, हे आपण आपल्यात बघू. न्यासाला काय सांगायचं ते वेगळं." त्यांचं म्हणणं असं: अहवालात लिहायचं की एका कार्यकर्तीनं सूचना पाळल्या नाहीत, तिला कामावरून कमी केलं आहे. म्हणजे पद्धत चांगली, माणूस चुकला. असं असलं तर न्यास कदाचित एक वर्ष वाढवून देतो, असं झालेलं आहे पूर्वी. पद्धतच चुकली म्हटलं तर संस्थेवर कायमचा शिक्का. फिल्डचा अहवाल माझा, सही माझी. लालीबाईबद्दल एक परिच्छेद लिहून द्या म्हणाले.

आठही जोड्यांत झालं ते एकटी लालीबाई कसं करील, मी विचारलं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाकीच्या सख्या तिच्याकडूनच शिकल्या, असं लिहा. बारा घरं आहेत ताई आपल्यावर. गाडी बंद झाली तर सुरभीला दवाखान्यात कोण नेणार आहे?"

ह्या माणसाचा राग यावा तसा येत नाही, हीच पंचाईत आहे.

२० फेब्रुवारी

परिच्छेद लिहिला. लपवत नाही. दुपारी दार लावून बसले आणि लिहिला. फार छान जमला आहे. 'स्थानिक सामाजिक दबावामुळे सदर कार्यकर्तीकडून' वगैरे. कुठेही खोटं नाही आणि सगळाच खोटा आहे. तीनदा वाचला. दर वाचनाला मला जास्त पटत गेला, त्याची भीती वाटली.

ह्यांना वाचून दाखवला. खाणीतून पाळी संपवून आले होते, जेवत होते. म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी." मी म्हटलं, चोर कोण? ते म्हणाले, ते तुला माहीत असेल, मी आपला जेवतो आहे.

परिच्छेद फाडला नाही. वहीत घडी करून ठेवला आहे.

२ मार्च

शेवटची तपासणी. दोन्ही पोड चावडीवर एकत्रच बोलावले, आता लपवायचं काय उरलं आहे? सुरभीला मुलगी झाली आहे, दोन किलो तीनशे. बाई थकलेली आहे, पण उभी आहे. नऊ आलं. गोळ्यांनी आलं की चावडीवरच्या वाट्यानं, कोण सांगणार?

सगळ्यांचं झाल्यावर लालीबाई माझ्यासमोर यंत्र घेऊन बसली. म्हणाली, "बोट द्या." मी नको म्हटलं. बाया हसायला लागल्या. दिलं.

अकरा पूर्णांक सहा. सलोनी झाल्यापासून मी एवढा आकडा पाहिला नव्हता. लालीबाईनं वही उघडली, पेन हातात घेतलं आणि थांबली. एक पान हिरव्यांचं, एक पांढऱ्यांचं. "कोनत्या पानावर लिवू, ताई?" तिनं मग वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं.

९ मार्च

परवा सरांना अहवाल दिला. परिच्छेद नाही. तीन चुका लिहिल्या आणि तिन्हींपुढे माझं नाव: जोड्या, सखी, चावडी. शेवटी वाटणीचा तक्ता जोडला, कोणत्या चावडीवर किती घरं वाटा घेत होती त्याचा. आयतु पोडाच्या यादीत एकोणचाळीस घरांनंतर चाळिसावी ओळ: विजयमाला, वणी. आधी ९.१, नंतर ११.६.

सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आज सकाळी माझ्या टेबलापाशी आले, उभ्या उभ्याच सही केली आणि म्हणाले, "चौथी चूक राहिली. ताईचं ऐकलं ती माझी." मला हसू आलं नाही. त्यांनाही आलं नाही.

२७ मार्च

कहकशां मॅडमचा फोन. पुढचा निधी मंजूर नाही. समितीनं अभ्यास निष्फळ ठरवला. त्या फार सभ्यपणे बोलल्या, त्यांना स्वतःला वाईट वाटत होतं हे कळत होतं.

मग म्हणाल्या, अहवाल दप्तरी लावताना एक बारीकशी दुरुस्ती हवी आहे. आयतु पोडाच्या तक्त्यात चाळिसाव्या ओळीत तुमचं नाव आलंय. तुम्ही ना हिरव्या गटात, ना पांढऱ्या. चुकून पडलं असेल, काढून टाकते.

"काढू नका," मी म्हटलं. "वाटणी झाली तेव्हा ते होतं."

मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे. राहू देते."

३१ मार्च

कुलूप सरांनीच लावलं. अय्यूबभाईंनी गाडी धुऊन मालकाला परत दिली. देण्याआधी समोरचा कप्पा रिकामा केला आणि जानेवारीतली ती पुडी माझ्या हातात ठेवली. पान सुकून चुरा झालं होतं, आतले तीन गोळे दगडासारखे.

मी भरडून दुधात घातले आणि खाल्ले. ह्यांनी विचारलं काय खातेस. सांगितलं नाही.

६ एप्रिल

सोमवार. जायला गाडी नाही, काम नाही. तरी पाचला जाग आली. उद्यापासून नोकरी शोधायची आहे. शेहेचाळिसाव्या वर्षी कोण देणार? लालीबाईचं नाव वाचवलं, पण तिचं काम गेलंच. पोडांचे लाडू गेले. शेवटी कुणाच्या पदरात काय पडलं, हा हिशेब काही केल्या लागत नाही.

अकराच्या सुमाराला दार वाजलं. लालीबाई. पहिल्यांदाच घरी आली. मुकुटबनहून बसनं, उभ्यानं. आत ये म्हटलं तर पायरीवरच बसली, परतीची बस आहे म्हणाली. पाणी प्याली. सुरभीची पोर आता मान धरायला बघते, असं सांगितलं. मग पदराच्या गाठीतून पळसाच्या पानाची पुडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

मी म्हटलं, अगं, लाडू तर संपले.

"लाडू संपले," ती म्हणाली. "चावडी हाये ना."

आत मोहाची फुलं होती, या वर्षीची, नुकती वाळवलेली, मूठभर. चाळिसावा भाग असेल तेवढीच.